पाच हजारांत गाणारा डबा

खिशात पाच हजार आहेत आणि एक म्युझिक प्लेअर घ्यायचाय. फोन नाही, नुसता प्लेअर! हे वाक्य ऑफिसात जरा मोठ्याने म्हणून बघा. निदान तीन जण खुर्ची गर्रकन फिरवून विचारतील, 'अरे, पण फोन आहे ना तुझ्याकडे?' चौथा एखादा वॉकमनवरून पीजे मारेल. पाचवा मात्र काहीच बोलणार नाही, लंचनंतर हळूच तुमच्या डेस्कपाशी येईल आणि विचारेल, 'कुठला घेतोयस?'

तर हा आठवडा त्या पाचव्या माणसासाठी.

फोनवर गाणं ऐकणं म्हणजे काय, ते आपल्या सगळ्यांना माहितीय. ठाण्याला खिडकी मिळते, गाणं लावलं जातं, आलाप जरा कुठे रंगात येतो आणि... टिंग! बँकेचा मेसेज. मग टीम लीडचा 'क्विक कॉल?' मग सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण. प्रत्येक टिंगला गाणं दबतं, पुन्हा वर येतं, पुन्हा दबतं. घाटकोपरपर्यंत आपण टँकरच्या भांडणात पूर्ण उतरलेलो असतो. गाणं चालूच असतं हो, ऐकणारं कोणी नसतं.

दुसरं कारण जरा सीरियस आहे. अ‍ॅपवरची गाणी आपली नसतात, हे आपण विसरतो. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली, कारण दोन कंपन्यांचा लायसन्सचा करार जुळला नाही. 'रेसो' भारतात जानेवारी २०२४ च्या अखेरीस बंद झालं. 'विंक'चं शटरही त्याच वर्षी पडलं. लोकांनी वर्षानुवर्षं रचलेल्या प्लेलिस्ट म्हणजे भाड्याच्या घरात लावलेल्या टाइल्स ठरल्या. कार्डात कॉपी केलेली फाइल मात्र कोणाच्या करारावर जगत नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. बदलापूर ते परळ, जाऊन-येऊन जवळपास तीन तास. तिच्या बाबांनी नोकरीत असताना दर महिन्याच्या पगारातून एक-एक सीडी घेतली होती. नाट्यसंगीत, भावगीतं, किशोरीताई, भीमसेनजी, झालंच तर गझला. बरीचशी खरेदी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधली, जे फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी बंद झालं. घरातला सीडी प्लेअरही बंद पडला. हिने चिकाटीने तीनशेच्या वर सीडी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि मला म्हणाली, 'अरे, पाच हजारांत काहीतरी बरं सांग ना. ईएमआय नकोय. आणि ते अँड्रॉइडचं झेंगट परत नकोय, साधं गाणं वाजलं म्हणजे झालं.'

साधं गाणं वाजलं म्हणजे झालं. किती सोपं वाटतं!

पहिल्या आयपॉडची किंमत आठवून बघा. २३ ऑक्टोबर २००१, पाच जीबी, ३९९ डॉलर. त्या वेळच्या भावाने १९ हजारांच्या आसपास. तेव्हा त्यात हजार गाणी मावतात हीच बातमी होती. आज सहा-सातशे रुपयांच्या नखाएवढ्या ६४ जीबी कार्डात, ३२० केबीपीएसच्या एमपीथ्री धरल्या, तर पाच मिनिटांची पाच हजार गाणी बसतात. हिशोब सोपा आहे : मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे एका गाण्याला १२. फ्लॅक फाइल्स असतील तर गाणं साधारण ३० एमबीचं होतं, तरी दोन हजार गाणी कुठे गेली नाहीत. त्यामुळे 'किती जीबीचा आहे?' हा प्रश्न आता बाद. कार्डाचा खाचा आहे ना, एवढंच विचारायचं.

बजेट छोटं असेल तर माझा फंडा उलटा आहे. आधी इअरफोन, मग कार्ड, मग उरलेल्यात प्लेअर. लोक बरोब्बर याच्या विरुद्ध जातात. चार हजार नऊशेचा प्लेअर घेतात आणि त्याला स्टेशनबाहेरच्या टेबलावरचा दीडशेचा इअरफोन लावतात. गाण्याच्या आवाजात जो फरक तुमच्या-माझ्या कानाला कळतो, त्यातला सगळ्यात मोठा भाग इअरफोनमधून येतो. चांगल्या आणि बऱ्या प्लेअरमधला फरक त्यापुढे किरकोळ असतो. सुदैवाने वायरवाल्या इअरफोनची सध्या चंगळ आहे. मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हन हर्ट्झचा झीरो दोन हजारांच्या आत-बाहेर मिळतात, आणि या किमतीला दहा वर्षांपूर्वी असा आवाज मिळत नव्हता.

ब्लूटूथवाले म्हणतील, वायर कशाला? दादरला गर्दीत उतरताना एखाद्या बॅगेत वायर अडकते, हे मान्य. पण ब्लूटूथची कानातली गोळी दादरलाच रुळांवर पडते त्याचं काय? शिवाय स्वस्त प्लेअरमधलं ब्लूटूथ बहुतेकदा साध्या एसबीसी कोडेकवर चालतं आणि बॅटरी प्यायला बसतं. पाच हजारांत वायर झिंदाबाद.

आणि कानात घट्ट बसणारा इअरफोन घ्या. लोकलचा खडखडाट बाहेर राहिला की आवाज कमी ठेवूनही गाणं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत असा आहे. आवाज वाढत गेला की ते तास भराभर घटतात. बदलापूरवाल्यांचे प्रवासातच आठवड्याला पंधरा तास जातात. तेव्हा इअरफोनबरोबर येणारे ते तीन मापांचे रबर फेकू नका. तिन्ही लावून बघा, आपल्या दोन कानांचं मापही कधीकधी वेगळं निघतं!

आता प्लेअर. आम्ही दोघं एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. (पुणेकरांनी इथे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली असं वाचावं.) पहिल्याच दुकानात काउंटरवरच्या काकांनी काचेखालून एक चकचकीत डबी काढली. सातशे रुपये. 'मॅडम, ये ले जाओ. हाय-रेस है, रेडिओ है, रेकॉर्डिंग है, ई-बुक भी है.' सातशे रुपयांत ई-बुक वाचणारी माणसं कुठे राहतात, मला भेटायचंय त्यांना एकदा.

या 'हाय-रेस' स्टिकरबद्दल एक सांगून टाकतो, कारण बजेटवाल्यांचे पैसे इथेच जास्त जातात. साध्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर नीट मावतात. तरुण, ठणठणीत माणसाचा कान २० किलोहर्ट्झला हात टेकतो आणि वयानुसार ती मर्यादा खाली येते. म्हणजे ऐकण्यासाठी सीडीची फाइल पुरेशी आहे. त्यातून आपण ऐकणार काय, तर कुठल्यातरी जुन्या तबकडीवरून मोनोमध्ये उतरवलेलं नाट्यगीत. त्या तबकडीच्या खरखरीला ९६ किलोहर्ट्झ दिले काय आणि १९२ दिले काय, खरखर तीच. पाच हजारांच्या बजेटमध्ये स्टिकरला एक पैसाही जास्त देऊ नका.

दुकानात जाताना आम्ही एक कार्ड भरून नेलं होतं. ही ट्रिक मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कार्डात चारच गोष्टी होत्या, आणि कुठलाही प्लेअर घेताना तुम्हीही असं कार्ड बरोबर ठेवा.

एक : नाव आणि आतले टॅग देवनागरीत असलेलं गाणं. सातशेच्या डबीने आमच्या भावगीताच्या जागी नुसते चौकोन दाखवले. दुसऱ्या एका प्लेअरने अक्षरं दाखवली, पण वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, जोडाक्षरांचे तर हात-पाय वेगळे. तीनशे सीडींचा संग्रह अशा पाटीवर शोधणार कसा? गंमत म्हणजे भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलला भारतीय भाषांमधला मजकूर दाखवता आलाच पाहिजे, असा नियम आहे. ज्या मानकाचा हा नियम आहे त्याचा नंबर आयएस १६३३३, भाग ३. नुसत्या एमपीथ्री प्लेअरला असं काही बंधन नाही, त्यामुळे तिथे सगळा रामभरोसे कारभार.

दोन : पन्नास मिनिटांचा एक राग, एकाच फाइलमध्ये. तो अर्ध्यावर नेऊन ठेवायचा, प्लेअर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. गाणं होतं तिथून सुरू झालं तर ठीक. पहिल्यापासून सुरू झालं, तर परळला उतरताना विलंबित जिथे सोडलं तिथे संध्याकाळी पोचायला तुम्ही बटण दाबून धरणार आणि डोंबिवली येणार. तीन-चार मिनिटांच्या फिल्मी गाण्यांत हा दोष कधी लक्षातच येत नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना आणि ऑडिओबुकवाल्यांना रोज नडतो.

तीन : मैफलीच्या रेकॉर्डिंगमधले एकाला एक जोडलेले दोन ट्रॅक. सीडीवर टाळ्या संपता संपता पुढचा ट्रॅक सुरू होतो. स्वस्त प्लेअर मधे अर्धा सेकंद गप्प होतो आणि टाळ्यांचा गळाच दाबतो. एक-एक गाणं ऐकणाऱ्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल. मला चालत नाही.

आणि चौथी फाइल माझी लाडकी. नुसता तानपुरा, अगदी बारीक आवाजात. कानात बसणारा इअरफोन लावा आणि ऐका. तानपुऱ्यामागे 'स्स्स' असा नळ गळत असल्यासारखा आवाज येतोय? येत असेल तर प्लेअर परत करा. वाद्यांच्या गदारोळात हा आवाज लपतो, म्हणून दुकानदार नेहमी धडधडणारं गाणं लावून दाखवतो. त्याला म्हणा, काका, माझं कार्ड लावा.

चार फाइल्स बघेपर्यंत काउंटरवरचे काका वैतागले होते. 'मॅडम, लेना है कि इंटरव्ह्यू लेना है?' तिने शांतपणे सांगितलं, 'इंटरव्ह्यू पास हुआ तो लेना है.' क्या बात है!

आता पर्याय. सोनीचा वॉकमन डोक्यातून काढा. कंपनीने २०२३ मध्ये भारतात आणलेला ए३०६ जवळपास २६ हजारांचा होता. आयपॉड तर मे २०२२ मध्येच अधिकृतपणे संपला. सेकंडहॅण्ड आयपॉड क्लासिक दिसतो फार रोमँटिक, ते चाक फिरवायला अजूनही बोटं शिवशिवतात. पण आतली छोटी हार्ड डिस्क आणि बॅटरी दोन्ही म्हाताऱ्या. हार्ड डिस्क काढून तिथे कार्डाचा अडॅप्टर बसवणारे हौशी लोक आहेत, रॉकबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर चढवणारेही आहेत. तुमचा वीकएन्ड आणि स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही मोकळे असतील तर जरूर करा. मात्र तेव्हा ते बजेट राहत नाही, तो छंद होतो.

५०-६० डॉलरच्या वर्गात मला खरोखर आवडलेली वस्तू म्हणजे फिओच्या 'स्नोस्काय' या नावाखाली २०२५ मध्ये आलेला इको मिनी. दिसायला कॅसेट प्लेअर, खरीखुरी बटणं, वायरचा खाचा, २५६ जीबीपर्यंतचं कार्ड, ना वायफाय ना अ‍ॅप. खिशात हात घालून न बघता गाणं बदलता येतं. लोकलमध्ये या सुखाला तोड नाही. घरी आधीच बरा वायरवाला इअरफोन असेल तर पूर्ण बजेट इथे लावायला हरकत नाही, पण देवनागरीवालं कार्ड आधी घालून बघाच.

इअरफोनपासून सुरुवात असेल तर हे गणित बसत नाही. मग दोन वाटा राहतात. एक म्हणजे बटणांचा साधा मोबाइल, सिम न घालता. नोकियाने २०२० मध्ये ५३१० हे नाव नव्याने आणलं तेव्हा त्याची किंमत ३,३९९ होती आणि ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालत होतं. कॉलेजात ज्यांनी जुन्या एक्स्प्रेसम्युझिककडे आशाळभूतपणे बघितलं होतं त्यांच्यासाठी तर फुल्टू नॉस्टॅल्जिया! असे फोन बॅटरीला दणकट असतात. गाण्यांची यादी मोठी झाली की मात्र अडखळतात.

दुसरी वाट तुमच्या ड्रॉवरमध्ये पडलीय. २०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचा खाचा उडवला आणि मग एकेक करत बाकीच्यांनीही उडवला. त्यामुळे घरातला जुना, काच तडकलेला, गोल खाचा असलेला अँड्रॉइड फोन म्हणजे आता दुर्मीळ चीज आहे. सिम काढा. फॅक्टरी रीसेट मारा. व्हीएलसीसारखा एक फुकटचा प्लेअर टाका आणि मग कायमचा एअरप्लेन मोड. आमच्या चाचणीच्या कार्डाला अशा फोनने चारही उत्तरं नीट दिली. देवनागरीला तर त्याने पैकीच्या पैकी मिळवले, जोडाक्षरांसकट. फक्त फोनची पाठ फुगलेली दिसली तर त्याला चार्जरला लावू नका, तो थेट ई-कचऱ्यात. पाठ सरळ असेल पण चार्ज टिकत नसेल तर हजाराच्या आसपास नवी बॅटरी बसते.

'अँड्रॉइडचं झेंगट नको' म्हणणारी आमची बदलापूरकरीण इथे तोंड वाकडं करून उभी होती. तिचं म्हणणं बरोबरच होतं, त्या काचेच्या पाटीला बटणं नाहीत. पण वायरवर प्ले-पॉजचं बटण असलेला इअरफोन घेतला आणि तो प्रश्नही निम्मा सुटला. भावाचा जुना फोन, बॅटरी, इअरफोन, कार्ड मिळून साडेतीन हजारांच्या थोडं वर बिल झालं.

ज्यांच्याकडे असा फोन नाही आणि ज्यांना फक्त आवाजाची तक्रार आहे, टिंगची नाही, त्यांनी प्लेअर घेऊच नये. सध्याच्या फोनला डाँगल लावा. यात एक मेख आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या शे-दीडशेच्या डाँगलपैकी बऱ्याच जणांत नुसती तार असते, डिजिटलचं गाणं करणारी चिप नसते, त्यामुळे अनेक फोनवर ती मुकीच राहतात. घेताना 'आत डॅक आहे का?' हे विचारा. अ‍ॅपलचं छोटं यूएसबी-सी डाँगल आवाजाला फार स्वच्छ आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो. आपल्या फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कार्डाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. वर २५६ लिहिलेलं असतं, आत जेमतेम आठ निघतात आणि त्यापुढची गाणी गुपचूप गायब होतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरून खरं-खोटं सांगतं. दुसरं, ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि बरेच स्वस्त प्लेअर फक्त फॅट३२ वाचतात. कार्ड 'दिसत नाही' म्हणून परत करण्याआधी हे तपासा. काही प्लेअर तर गाणी नावाप्रमाणे न वाजवता ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून फाइलच्या नावाआधी ०१, ०२ घाला आणि फोल्डर एकदमच कॉपी करा.

राहता राहिला प्रश्न सीडी उतरवायच्या कशा, कारण आताच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह ऑफिसच्या आयटीवाल्याच्या कपाटात हमखास धूळ खात पडलेला असतो. त्याला एक कटिंग आणि समोसा पाजा-चारा आणि शुक्रवारी संध्याकाळी मागून आणा. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर ओरखडे पडलेल्या सीडीही चिकाटीने वाचतं. मूळ प्रत फ्लॅकमध्ये हार्ड डिस्कवर ठेवा, प्लेअरच्या कार्डात एमपीथ्री टाका. धड सीडीला पाच-दहा मिनिटं लागतात. तीनशे असतील तर चार-पाच वीकएन्ड धरा, आणि आयटीवाल्याला आणखी चार समोसे.